ओझं व्हायला ती लाजली नाही

रत्ना गेल्याचं मला सुलभाताईंनी सांगितलं. फोन केला नाही, ऑटो करून थेट घरी आल्या. तिच्याजवळ बसायची सकाळची पाळी माझी होती. ती संपवून मी घरी येऊन, आंघोळ करून कुलरसमोर बसले होते. दार उघडलं तर त्या चप्पल न काढता उंबऱ्याशीच उभ्या. "गेली वं ती," म्हणाल्या. "कविता बसली आहे तिच्याजवळ." मग, जणू हे सांगितलंच पाहिजे म्हणून म्हणाल्या, "पाणी मागितलं, दोन घोट घेतले. म्हणे, उशी सरळ करा, मान अवघडली. मी उशी सरळ केली… तोवर झालंच होतं." जिनं सगळं आयुष्य नीतिशास्त्र शिकवलं, तिचं शेवटचं वाक्य उशीबद्दल असावं, याचं त्या दिवशी मला काही वाटलं नाही. वाटायला जागाच नव्हती. आता काही आठवडे उलटल्यावर वाटतं, तिला याहून साजेसं वाक्य दुसरं नव्हतं.

कॉलेजच्या सभागृहात शोकसभा झाली. भाषणं झाली, तिच्या फोटोपुढे मेणबत्त्या लागल्या. एक ज्येष्ठ सहकारी उठले आणि म्हणाले की, रत्नमालाताई स्वाभिमानानं जगल्या आणि स्वाभिमानानं गेल्या; इतक्या मोठ्या आजारातही त्यांनी शेवटपर्यंत कुणाला त्रास दिला नाही, त्या कुणावर ओझं झाल्या नाहीत. सभागृहानं मान डोलावली. तिसऱ्या रांगेत सुलभाताई, अशोक, कविता आणि मी असे तिचं दुखणं काढलेले चौघं बसलो होतो. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. अशोकच्या तोंडावर हसू फुटलं आणि त्यानं ते रुमालानं झाकलं. कारण हे साफ खोटं होतं. रत्नानं आम्हाला त्रास दिला. भरपूर दिला, जाणूनबुजून दिला, तत्त्व म्हणून दिला. त्या सहकाऱ्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, मरणानंतर असंच बोलायची आपली रीत आहे. पण हे वाक्य तिच्या नावावर राहिलं तर तिनं आयुष्यभर जे सांगितलं ते पुसलं जाईल. म्हणून हे लिहायला बसले आहे.

आम्ही दोघी एकाच कॉलेजात, एकाच वर्षी लागलो. ती तत्त्वज्ञान शिकवायची, मी पदार्थविज्ञान. ती उत्तर नागपुरात वाढलेली, वडील रेल्वेत फिटर. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली, तेव्हापासून त्यांच्या घरात समता ही बोलायची गोष्ट राहिली नव्हती, ती पाण्याच्या माठासारखी घरात असायची. मी नरखेडकडची, संत्र्याच्या बगीच्यातली. शिकायला नागपूरला आले ती इथेच राहिले, लग्न केलं नाही. स्टाफरूममध्ये आमचं पहिलं बोलणं भांडणानंच झालं. मी म्हटलं, "तुमचं शास्त्र कसलं गं, नियम माणसागणिक बदलते." ती म्हणाली, "नियम नाही बदलत वं. माणूस बदलते, हे तुमच्या प्रयोगशाळेत दिसत नाही एवढंच." तेव्हापासून जवळजवळ रोज आम्ही भांडलो आणि रोज सोबत डबा खाल्ला.

तिचं लग्न अशोकशी झालं होतं. तो बुटीबोरीला एका कापड कारखान्यात सुपरवायझर. काही वर्षांनी त्याला दुसरी बाई आवडली. आदळआपट झाली नाही. कोर्टात सगळं रीतसर झालं आणि रत्ना जरीपटक्याजवळ एका फ्लॅटमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहायला आली. मूलबाळ नव्हतं. ती घर सोडून निघाली त्या दिवशी तिची सासू, भागाबाई, स्वयंपाकघरातून बाहेरसुद्धा आली नाही. मुलाची बाजू घेऊन बसली. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण पुढे लोकांनी याची फार गोड गोष्ट केली. सासू जन्मभर चांगली वागली म्हणून सुनेनं उपकार फेडले, अशी. तसं काही नव्हतं. भागाबाई चारचौघींसारखी सासू होती, कधी बरी, बहुतेक वेळा कडू.

मग भागाबाईला लकवा मारला. उजवं अंग गेलं, वाचा गेली, चार-दोन शब्द तेवढे उरले. अशोकच्या घरी दोन खोल्या, तो आणि त्याची नवी बायको दोघंही शिफ्टमध्ये. म्हातारीला गावाकडे कुण्या दूरच्या भावजयीकडे नेऊन ठेवायचं ठरत होतं. रत्नाला हे कळलं आणि ती भेटून येते म्हणाली. सोबत मी गेले. मागच्या बोळीत खाट टाकली होती. भागाबाई तिथे पडून, तोंड एका बाजूला ओघळलेलं, केसांच्या जटा झालेल्या. तिनं रत्नाला पाहिलं आणि धड असलेल्या डाव्या हातानं तिच्या ओढणीचं टोक धरलं. सोडेचना. रत्ना तशीच बसून राहिली, चहा आला तो एका हातानं प्यायली. संध्याकाळी अशोक कामावरून आला तेव्हा ती सरळ म्हणाली, "मी हिले घेऊन चालली."

अशोक गोंधळला. "पण ते आता तुही काय लागते?"

"तेच तं पाहून राहिली मी," रत्ना म्हणाली. "काय लागते ते."

त्या वेळी मला ते नुसतं उलट उत्तर वाटलं होतं. पुढे तिनं हेच वाक्य वर्गात कितीतरी वर्षं वापरलं. पोरांना विचारायची, आपण नात्याला 'लागते' काहून म्हणतो? ती माझी मावशी लागते, तो माझा काका लागतो. आणि भूक लागते, पाणी लागते, औषध लागते, यालाही तोच शब्द. आपल्या आज्या-पणज्यांनी कोणतं पुस्तक वाचलं नव्हतं, पण नातं आणि गरज एकाच शब्दात बांधून ठेवली. मग तत्त्वज्ञानाचे ग्रंथ लिहिणाऱ्यांनी यांना वेगळं करून, नातं घरात ठेवलं आणि नीती बाजारात, ती कशासाठी?

भागाबाई जरीपटक्यात आली आणि सगळ्या बाजूंनी रत्नावर शब्द सुटले. तिचा भाऊ म्हणाला, ज्या घरानं टाकलं त्या घरची म्हातारी आणून बसवली, लाज नाही का. शेजारच्या बायका म्हणाल्या, पुण्य मिळेल. तिला दोन्हीचा सारखाच राग यायचा. पण सगळ्यात लागलं ते वसुधाचं. वसुधा आमची मैत्रीण, बायकांच्या चळवळीत मनापासून काम केलेली. ती म्हणाली, "रत्ना, आपण इतकी वर्षं बायकांना सांगून राहिलो की सेवा म्हणजे बेडी आहे. आणि तू स्वतः होऊन हातात घालून घेतली. उद्या प्रत्येक सासरा म्हणेल, पाहा, प्राध्यापक बाईनं घटस्फोटानंतरही सासूचं केलं." रत्नानं तिला पूर्ण बोलू दिलं. मग म्हणाली, "तुझं बरोबर आहे. काम चूक नाही, ते एकटीनं करणं चूक आहे."

दुसऱ्या दिवशी तिनं अशोकला फोन केला. दर रविवारी सकाळी यायचं, आईची आंघोळ, नखं, कपडे, चादर, सगळं तू करायचं. तो म्हणाला, मी पैसे पाठवतो. ती म्हणाली, पैसे तं पाठवच, आणि तूही ये. पहिल्या रविवारी तो आला तेव्हा मी तिथे होते. रत्नानं बादली भरून दिली, टॉवेल दिला आणि ती माझ्यासोबत बाहेर गॅलरीत येऊन बसली. चहा घेतला. आतून पाण्याचा आवाज, मग भागाबाईचं कण्हणं, मग अशोकचा आवाज, "रत्ना, जरा ये ना."

ती उठली नाही. तिथूनच म्हणाली, "काय झालं?"

"हिले कुशीवर कसं करू? मोडन ना काही."

"तुही माय आहे, काचेची बरणी नाही. एक हात मानेखाली घाल, एक कमरेखाली, आन् तिले आधी सांग की आता वळवतो म्हणून. मुकाट्यानं उचलू नको, घाबरते ते."

मी उठायला लागले तर तिनं माझा हात धरून खाली बसवलं. तिचा चेहरा कठोर झाला होता; पण माझा हात तिनं सोडला नाही. बऱ्याच वेळानं अशोक बाहेर आला, शर्ट ओलाचिंब. पायरीवर बसला. आमच्याकडे न पाहता म्हणाला, "किती हलकी झाली वं ते…" त्यानंतर त्याचे रविवार फारसे चुकले नाहीत. पुढे तर त्याची बायकोही कधीमधी यायची, भागाबाईसाठी ज्वारीची आंबील घेऊन. रत्ना आणि तिच्यात कधी मैत्री झाली नाही. आंबील मात्र दोघी मिळून भरवायच्या.

हे सगळं फार सुंदर होतं, असं मी म्हणणार नाही. भागाबाई ताट लोटून द्यायची. चहात साखर कमी पडली तर बशी उलटी करायची. एकदा रत्ना कॉलेजात आली ती डोळे सुजवून. म्हणाली, आज मी तिच्यावर ओरडली, स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं आणि आत उभी राहून मोजून शिव्या दिल्या. त्याच दिवशी तिचा तास होता. विषय होता प्रेम आणि कर्तव्य. मी व्हरांड्यातून जाताना ऐकलं, ती पोरांना सांगत होती, "माया दिवसातून दहा वेळा आटते, पुन्हा येते. तिच्या भरवशावर कोणाले सांभाळता येत नाही. लक्ष आटू द्यायचं नाही. चिडल्यावरही समोरच्याच्या घशात घास अडकला का, हे दिसलं पाहिजे."

त्याच सुमारास कॉलेजात एक परिसंवाद झाला. बाहेरून एक नावाजलेले विद्वान आले होते. बोलले सुरेख. म्हणाले, ज्याच्या डोळ्यांना आपला आणि परका हा फरक दिसेनासा होतो तो खरा नैतिक माणूस. आप्तांची काळजी जनावरंही घेतात, त्यात नीती कसली. प्रश्नोत्तरांत रत्ना उठली. साडीच्या खांद्यावर आंबिलीचा डाग तसाच होता, मला पुढच्या रांगेतून दिसत होता. ती म्हणाली, "सर, सगळी माणसं समान आहेत, हे मला शिकावं लागलं नाही. त्यासाठी माझ्या आजोबांनी काय सोसलं ते मी ऐकत वाढले. पण सगळे समान आहेत याचा अर्थ कुणीही कुणाच्याही जागी चालतो, असा होत नाही. माझ्या घरी एक म्हातारी आहे. तिच्या उजव्या गालात घास साचतो, तिला कळत नाही, तो बोटानं काढावा लागतो. हे मला ठाऊक आहे, कारण मी रोज तिच्या तोंडाकडे पाहते. याला तुम्ही भावना म्हणता. मी याला ज्ञान म्हणते. आणि ते लांबून, सगळ्यांकडे सारखं पाहून मिळत नाही."

टाळ्या पडल्या. पण ते गृहस्थही काही कमी नव्हते. ते शांतपणे म्हणाले, "मान्य. पण मॅडम, ज्याच्या तोंडाकडे पाहणारं कुणीच नाही, त्याचं काय? तुमच्या नीतीत तो कुठे बसतो?" रत्ना खाली बसली. ऑटोतून घरी जाताना ती बाहेर पाहत होती. इंदोऱ्याच्या चौकात ऑटो थांबला तेव्हा म्हणाली, "प्रश्न बरोबर आहे कुंदा त्याचा. उत्तर नाही माझ्याजवळ." तिचा हा गुण फार कमी लोकांनी पाहिला. ती ताठ होती. पण समोरच्याचा मुद्दा खरा असला तर तो घरी घेऊन जायची आणि त्याला झोपू द्यायची नाही, स्वतःही झोपायची नाही.

उत्तर एकदम मिळालं नाही. थोडं मिळालं ते एका सत्काराच्या निमित्तानं. महिला दिनाला वस्तीतल्या एका मंडळानं तिला 'आदर्श सून' म्हणून शाल-श्रीफळ द्यायचं ठरवलं. निरोप घेऊन बायका घरी आल्या. रत्ना म्हणाली, "एक तं मी तिची सून नाही, कोर्टानं तसं सांगितलं आहे. दुसरं, आदर्श जावई कोणाले देऊन राहिले तुम्ही यंदा?" बायका हसल्या. ती हसली नाही. "शाल नको मले. बुधवारी दुपारी माझे सलग तास असतात. तेव्हा कोणी येऊन हिच्याजवळ बसते का, ते सांगा." बायका चहा पिऊन गेल्या, मंडळानं शाल दुसऱ्या कुणाला दिली. पण त्यातली एक जण पुढच्या बुधवारी खरंच आली. सुलभाताई. शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका, विधवा, मुलगा परदेशात. त्या आल्या तेव्हा भागाबाई त्यांची कुणी लागत नव्हती. काही महिन्यांनी एखाद्या बुधवारी त्या आल्या नाहीत तर भागाबाई दाराकडे बघत बसायची. रत्ना मला म्हणाली, "पाहा, परका माणूस असा आपला होते. आपलं-परकं पुसून नाही होत. येऊन बसल्यानं होते." आणि जिथे कुणीच येऊन बसत नाही, तिथे? तिथे कायदा पाहिजे, दवाखाना पाहिजे, सरकार पाहिजे, ती म्हणायची. न्याय हा त्याच्यासाठी आहे ज्याच्यापर्यंत माझा हात पोचत नाही. दोन्ही लागतात. पण सुरुवात कुठून झाली, ते विसरू नका. न्यायाधीशालाही कुणीतरी अंगावर पाजलं असते.

तिचं हे बोलणं सोयीनं वापरणारेही निघाले. कविता ही तिच्या भावाची मुलगी. शिकलेली, हुशार. आमच्याच कॉलेजात जागा निघाली, कवितानं अर्ज केला, आणि निवड समितीत रत्ना. भाऊ संध्याकाळी मिठाई घेऊन हजर. म्हणाला, "तूच तं सांगत असते ना जगाले, की आपल्या माणसाले आधी पाहा म्हणून. आता पाहा." रत्नानं दुसऱ्या दिवशी समितीतून अंग काढून घेतलं. आणि त्याच संध्याकाळपासून कविताला घरी बोलावून शिकवायला बसली, मुलाखत होईपर्यंत रोज, एकीकडे भागाबाईला भरवत. भावाला म्हणाली, "माझा वेळ माझा आहे, तो मी तिले देईन, सगळा देईन. ती खुर्ची माझी नाही. जी माझी नाही ते कशी देऊ?" कविताची निवड झाली नाही. भाऊ पुढे कितीतरी दिवस तिच्या घरी आला नाही. ती दिवाळीला स्वतः त्याच्याकडे गेली, तो बोलला नाही, ती जेवून परत आली. मला म्हणाली, तो नाही बोलला तर काय झालं, भाजीत मीठ कमी आहे हे मी सांगितलं ना. कविताला पुढे दुसरीकडे नोकरी लागली, स्वतःच्या बळावर. आत्यावर तिचा राग कधीच नव्हता.

भागाबाई गेली ती एका सकाळी, चहा झाल्यावर. शेवटी शेवटी तिच्याजवळ 'पोरी' हा एकच शब्द राहिला होता आणि तो ती सगळ्यांना वापरायची, अशोकलासुद्धा. अंत्यविधीच्या वेळी अशोकच्या नात्यातले कुणी रत्नाला हळूच म्हणाले, तुम्ही जरा मागे उभ्या राहा, लोक विचारतील कोण म्हणून. ती जागची हलली नाही. म्हणाली, "विचारू द्या. सांगीन मी." कुणी विचारलं नाही.

त्यानंतर काही वर्षं बरी गेली. ती निवृत्त झाली, मीही झाले. मग तिच्या पोटात दुखायला लागलं, तपासण्या झाल्या, आणि जे निघालं ते उशिरा निघालं. तिनं आम्हाला एका संध्याकाळी घरी बोलावलं. भाऊ, कविता, सुलभाताई, अशोक, वसुधा, मी. पोहे केले होते, वर चण्याची तर्री. आधी खायला लावलं. मग म्हणाली, "डॉक्टरांनी जे सांगितलं ते तुम्हाले माहीत झालं आहे. आता मी सांगते. मी ओझं होणार आहे. हळूहळू जड होत जाईन. तयारी ठेवा." भाऊ म्हणाला, "आपण चोवीस तासांची बाई ठेवू वं." ती म्हणाली, "ठेव. तिले नीट पगार दे, रविवारची सुटी दे. पण तिच्यासंग तुम्हीही पाहिजे मले."

मी तिला स्वयंपाकघरात गाठलं. म्हटलं, "रत्ना, लोक अशा वेळी म्हणते, मले कोणावर भार व्हायचं नाही. तू सरळ भार टाकूनच राहिली." ती ताटल्या घासत होती. थांबली.

"असं म्हणणारा माणूस काय म्हणते, ते ऐक नीट," ती म्हणाली. "तो म्हणते, जे भार झाले त्यांची इज्जत गेली. म्हणजे भागाबाईची गेली. इतके वर्षं मी तिचं हागणं-मुतणं काढलं, तवा मी सगळ्यांले सांगत होती की यानं माणूस लहान होत नाही. आता माझी पाळी आली तं मी लाजू? मंग मी तिले खोटं सांगितलं का? नाही वं. देताना ताठ मान आन् घेताना खाली, असं मी नाही करणार."

आणि तिनं नाही केलं. तिनं घेतलं, ताठ मानेनं घेतलं. खिचडी पातळ पाहिजे, इतकी नाही, अजून. पडदा अर्धा. पाय चेपायचे तर तळव्यापासून सुरू करा. वसुधाला तिनं केस विंचरायला लावले, चळवळीतल्या त्या बाईनं कुणाचे केस कधी विंचरले नव्हते. वसुधा रडत विंचरायची आणि रत्ना म्हणायची, गुंता खालून सोडव, वरून नाही. दुखणं वाढलं तशी ती तुसडी झाली. मला एकदा इतकं टाकून बोलली की मी पर्स उचलून निघाले. जिन्यापर्यंत गेले तर मागून आवाज, "कुंदा, मघाशी बोलली ते दुखण्यानं बोलली. पण चहा खरंच पांचट होता." मी परत आले आणि पुन्हा चहा टाकला. भाऊ सगळ्यात उशिरा वळला. पहिले काही आठवडे तो दारात उभा राहून फळं देऊन जायचा. मग एका दुपारी बाई आली नव्हती, मी एकटी होते, आणि तो आला. रत्नानं त्याला चादर बदलायला सांगितली. तो म्हणाला, "मले नाही जमत." ती म्हणाली, "मलेबी मरणं जमत नाही अजून. शिकून राहिली." त्यानं चादर बदलली.

दिवाळीच्या आधी तिला जरीपटक्याचा बाजार पाहायचा होता. लायटिंग लागली असेल, म्हणे, मले दाखवा. तिसरा मजला, लिफ्ट नाही. अशोकनं तिला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवायच्या आधी हात पुढे केले आणि म्हणाला, "आता उचलतो बरं." मग एक हात मानेखाली, एक कमरेखाली. ती त्याच्याकडे पाहत म्हणाली, "हे मी शिकवलं तुले."

"तू कुठं शिकवलं?" अशोक म्हणाला. "तू तं बाहेर चहा पेत बसली होती."

ती हसली. हसताना दुखलं, तरी हसली. खुर्चीचे पुढचे पाय अशोकनं धरले, मागची बाजू भावानं. कविता उशी घेऊन मागे, मी आणि सुलभाताई पुढे जिने मोकळे करत. लोक बघत होते. ती बाजाराच्या गर्दीत रस्त्याच्या मधोमध खुर्चीत बसली, कपड्यांच्या दुकानांपुढचे झगमगते दिवे पाहिले, एका दुकानदाराशी कंदिलाच्या भावावरून हुज्जत घातली आणि घेतला नाही. एक ओळखीचे गृहस्थ भेटले. दुःखानं मान हलवून म्हणाले, "मॅडम, किती हाल…" ती म्हणाली, "हाल यांचे होऊन राहिले, मी तं बसून आहे."

तर असा त्रास तिनं दिला. तिची आठवण काढताना आम्ही तिला हलकी करून ठेवणार नाही. ती जड होती. तिचं वजन आमच्या हातांना माहीत आहे, आणि ज्या हातांना माहीत आहे ते एकमेकांना ओळखू लागले. माझी आणि अशोकची ओळख ठेवायचं खरं तर काही कारण नव्हतं. आता तो संत्र्यांच्या दिवसांत माझ्या गावची संत्री हक्कानं मागून नेतो.

तिच्या एका सवयीबद्दल सांगायचं राहिलं. भेटायला येणारा प्रत्येक जण निघताना म्हणायचा, काही लागलं तर सांगा. आपण सगळेच म्हणतो, आणि समोरचा 'नाही नाही' म्हणेल या भरवशावर म्हणतो. रत्ना म्हणायची, "लागते ना." आणि तिथल्या तिथे काम सांगायची. पंखा पुसून द्या. औषध आणून द्या. बसा, मले पेपर वाचून दाखवा. काही जण पुन्हा आले नाहीत. पुष्कळसे आले.

मागच्या आठवड्यात मी गच्चीवर पाय घसरून पडले. उजवा हात गळ्यात बांधला आहे. हा लेख डाव्या हातानं फोनवर एकेक अक्षर दाबत लिहिते आहे. नरखेडहून माझा पुतण्या सुधाकर याचा फोन आला. चाळिशी ओलांडलेला, बगीचा पाहणारा गडी. सगळी विचारपूस करून शेवटी म्हणाला, "काही लागलं तं सांगजो आत्या." माझ्या तोंडात उत्तर तयार होतं, साठ वर्षं घोटलेलं. काही नको रे बाबा, माझं होते. ते मी गिळलं आणि म्हटलं, "लागते. माझे केस धुवायचे आहेत. एका हातानं होत नाही."

"म्या धुवू?"

"तूच धू."

दुसऱ्या दिवशी तो पहिल्या एसटीनं आला. बाहेर अंगणात स्टूल टाकलं, बादली ठेवली, बाह्या वर केल्या. मी डोकं पुढे वाकवून बसले. त्याची बोटं जाड, खरबरीत, झाडांच्या आळ्यांत राबलेली. केसांत शिरताना चाचरत होती. निम्मा शाम्पू माझ्या कानात गेला. फेस काढायला त्यानं पाण्याचा पहिला मग ओतला आणि विचारलं, "पाणी गरम तं नाही ना आत्या?"

गरम होतं.

"आहे," मी म्हटलं. "थंड घाल थोडं."